गडद होत गेलेली कॉफी

बाबा गेल्यावर दीड महिन्याने मळेवाल्या मावशी नव्या पिकाचा नमुना घेऊन दुकानात आल्या. नात्याने त्या आमच्या कोणी नव्हेत. डोंगरउतारावर त्यांचा छोटासा मळा आहे. त्या, त्यांचे दोन दीर आणि सून मिळून तिथे कॉफी पिकवतात. मध्ये दलाल न घेता सत्तावीस वर्षं ते सगळं पीक बाबांनाच देत आले. आमच्या भट्टीत दुसऱ्या मळ्याचा दाणा कधी पडला नाही.

"यंदा एक मोठे व्यापारी मागे लागलेत," त्या बसता बसता म्हणाल्या. "तुला जमणार असेल तर पीक तुझं. नसेल तर तसं सांग, मला राग नाही येणार."

"जमेल."

"बोलायला काय जातंय! भाजून दाखव."

मी भट्टी पेटवली. लहानपणी मी याच खोलीत गोण्यांवर बसून अभ्यास करायचे. माझ्या वह्यांना, गणवेशाला कॉफीचा वास यायचा आणि वर्गातल्या मुली मला 'कॉफीदाणी' म्हणायच्या. हे सांगितल्यावर बाबा दोन दिवस खूश होते. मळ्यावरून माल आला की दर खेपेला ते त्यातला थोडा भाजून एक पाकीट मळ्यावर परत पाठवत. पिकवणाऱ्यांच्या वाट्याला एरवी फुटका दाणाच येतो, हे त्यांना पटत नसे.

दाणे काळपट झाले, वर तेल सुटलं, तेव्हा मी ते ताटात उतरवले. दळून कॉफी केली. मावशींनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हे कुणी शिकवलं?"

"बाबांनीच. शेवटची दोन वर्षं मी त्यांच्या शेजारीच उभी होते."

"तरीच." त्या म्हणाल्या. "दोन वर्षं पाकीट यायचं ते दर खेपेला जास्त काळं. धाकटा दीर म्हणाला, तुझ्या बाबांचं नाक गेलं, वास कळत नाही. मी त्याला म्हटलं, तोंड बंद ठेव."

आम्हाला बाबांचा आजार कळला तो अगदी शेवटच्या चार महिन्यांत. त्याआधी बाबा ओंजळभर दाणे नाकाशी नेऊन मान हलवत, आणि वास येतोय असं मी धरून चालत असे.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? माणूस इतक्या हौसेने पाठवतोय. प्यायलो आम्ही." मग त्या ताठ बसल्या. "पण तुला अशी भाजायला माझं पीक देणार नाही. यात माझा मळा कुठंय? नुसता धूर आहे."

मला राग आला. हाच धूर मी रोज सकाळी बाबांसमोर बसून प्यायले होते. आता माझ्याकडे त्यांचं तेवढंच उरलं होतं.

तरी भट्टी पुन्हा तापवली. दाण्यांची पहिली तडतड सुरू झाली. थांब अजून, असं हातालाच वाटत होतं. तडतड विरत आली तशी मी भट्टीची झडप उघडून दाणे बाहेर काढले. दाणे खजुराच्या रंगाचे होते.

पहिल्या घोटाला जिभेवर हलका आंबटपणा आला, मागून गोडवा. ही चव मला ठाऊक होती. शाळेत असताना बाबा बशीत ओतून दोन घोट द्यायचे आणि म्हणायचे, "आईला सांगू नकोस." त्यांचे केस तेव्हा काळे होते. इतक्या वर्षांत ते बाबा मला आठवलेच नव्हते.

मावशींनी कप रिकामा केला. "गोण्या पुढच्या आठवड्यात पाठवते. दीर येईल उतरवायला, त्याला जेवू घाल, तो लाजून मागत नाही."

मग त्यांनी पिशवी उघडली आणि ताटातले ते काळे दाणे आत भरायला लागल्या.

"ते कशाला?"

"सवय झालीय गं," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मावशी," मी म्हटलं, "सगळे नका नेऊ."