मोतीरामची ढोलकी

मी ढोलकी बोलते आहे. परतवाड्याच्या मोतीरामची ढोलकी. माझ्या खोडाला एक बारीक चीर आहे, म्हणून धुमाच्या, म्हणजे खर्जाच्या, बाजूचा आवाज थोडा घोगरा निघतो. कान देऊन ऐकलंत तर सगळं कळेल.

माझं खोड आंब्याचं, कातडं बकरीचं. ज्या कारागिरानं मला कोरलं, तो हिवाळ्यात बहिरमच्या जत्रेत ताडपत्रीखाली दुकान लावायचा. आजूबाजूला मटणाच्या हंड्या रटरटत असायच्या. गिऱ्हाईक यायचं, दोन थापा मारून बघायचं, भाव विचारून निघून जायचं. मोतीराम आला तेव्हा त्यानं थाप मारलीच नाही. बैलाच्या मानेवर हात ठेवावा तसा पंजा माझ्या कातड्यावर नुसता ठेवला आणि बायकोला म्हणाला, "हे बोलते, वच्छला."

मोतीरामचं विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. तांब्याची तार गुंडाळून त्याची बोटं राठ झाली होती. पण माझ्यावर पडली की ती पोरीच्या बोटांसारखी हलकी व्हायची. घर ख्रिस्ती, आजोबांपासूनचं. गावाच्या कडेला पत्र्याच्या छपराचं छोटं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, तिथं रविवारी उपासना. वर्षभर मी तिथं गीतांना साथ करायची. पण माझे खरे दिवस नाताळचे. वेचलेला कापूस घरात आलेला, तूर शेतात उभी, थंडी पडलेली. देवळातली मंडळी दारोदार जाऊन गायची. तारणारा जन्माला आला, ही खबर प्रत्येक घराला सांगायची. कोणी चहा द्यायचं, कोणी करंज्या. हिंदू घरंही बोलवायची. लहान मुलं माझ्या कड्या ओढून बघायची आणि मोतीराम त्यांना ओढू द्यायचा.

मंडळींना गावोगाव नेणारा कुंदन. मैनाबाईचा एकुलता एक मुलगा. त्याची काळीपिवळी जीप परतवाडा-धारणी रस्त्यावर चालायची. घाटात कोणालाही भीती वाटू नये अशी त्याची गाडी हाकण्याची रीत होती. मोतीरामला तो भाऊ म्हणायचा, वच्छलाला वैनी. जेवायला अर्धा वेळ त्यांच्याकडेच असायचा.

आता त्या नाताळचं सांगते. सांगायला जड जातं, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या दिवशी सकाळची उपासना झाली आणि मंडळी एका संत्र्याच्या बागेत गेली. मालकानं दर वर्षीप्रमाणे जेवण ठेवलं होतं. गाणी झाली, पंगती उठल्या. बायका आणि मुलं मालकाच्या ट्रॅक्टरवरून लवकर परत निघाली. संध्याकाळी देवळाच्या आवारात चहा होता, त्याची तयारी करायची होती. वच्छला आणि तिची मुलगी दामिनी त्यांच्यासोबत गेल्या. मागे चार-पाच पुरुष उरले, आणि मी.

विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीमागे मोहाच्या दारूचा कॅन निघाला. तो शालिकरामनं आणला होता. शालिकराम मंडळींत वडीलधारा. उपासनेत प्रार्थना तो सांगायचा. तो म्हणाला की सण आहे, सालातून एकदाच येतो, देवालाही माणसाचा आनंद आवडतो.

तासाभरापूर्वी गव्हाणीतल्या बाळाची गाणी गाणारी ती तोंडं मी डोळ्यांदेखत बदलताना पाहिली. एकानं त्याच गाण्याच्या चालीवर घाण शब्द बसवले. दुसरा झाडाखाली ओकला आणि तिथंच बसून हसत राहिला. दोघांनी जुन्या वादावरून एकमेकांची गचांडी धरली. कोणी तरी म्हणालं, हिलेबी पाजा, आणि ग्लासभर दारू माझ्या तोंडावर ओतली. कातडं ओलं झालं, आवाज फदफदीत झाला. त्याचंही हसू.

मोतीराम स्वतः पीत नसे. त्या दिवशीही त्यानं घोट घेतला नाही. पण तो खुशीत होता. दामिनीला अमरावतीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि सकाळपासून त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. कुंदन ग्लास घ्यायला तयार नव्हता.

"मले गाडी चालवाची हाय, भाऊ," तो म्हणाला.

मोतीरामनं स्वतःच्या हातानं ग्लास भरला आणि त्याच्यापुढे धरला. "एका ग्लासानं तुले काय होते बे. पोरीच्या नावानं घे."

कुंदननं तो घेतला. मोतीरामचा शब्द तो कधी मोडायचा नाही. पुढचे दोन-तीन ग्लास मग त्यानं आपल्याच हातानं घेतले.

दिवस बुडताना जीप निघाली. मोतीराम पुढे बसला, मी त्याच्या मांडीवर; बाकीचे बागेतच पडून राहिले. बोटं माझ्यावर सहज चालली होती. वळणावरच्या ओढ्याच्या पुलियाचा कठडा समोर आला तेव्हाही ती चाललेलीच होती. मग मी हवेत होते.

मी तुरीच्या शेतात जाऊन पडले. जीपचा हॉर्न अडकून वाजतच राहिला. त्या एकसुरी आवाजाच्या खाली मला कुंदनचा आवाज ऐकू येत होता. तो फक्त, भाऊ, भाऊ, म्हणत होता. मोतीरामनं ओ दिली नाही.

देवळाच्या आवारात चहाचं पातेलं चुलीवर चढलेलं होतं. खबर तिथं पोचली.

मला दोन दिवसांनी कोणी तरी शेतातून उचलून घरी आणून दिलं. चीर तेव्हाचीच. वच्छलानं मला खुंटीला टांगलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. दामिनी नर्सिंगला गेलीच नाही त्या वर्षी.

कुंदनवर खटला झाला. दारू कोणी पाजली, असं कोर्टात विचारलं तेव्हा तो म्हणाला, कोणी नाही, मीच प्यालो. घरी बोलणं व्हायचं ते माझ्या कानावर यायचं. ग्लास कोणी भरला होता, हे त्यानं सांगितलं नव्हतं. बाकीचेही गप्प राहिले, कारण बोललं तर कॅनचंही नाव निघालं असतं. मला ठाऊक होतं. पण माझ्या आवाजात शब्द नसतात. लोक कुंदनला शिव्या देत आणि मी खुंटीवर गच्च भरल्यासारखी लटकत राही.

मग ते सुरू झालं.

आमचं घर मोठ्या रस्त्याला लागून. जड ट्रक गेला की भिंत हादरायची आणि माझ्या धुमाच्या बाजूनं एक दबका ठोका निघायचा. वच्छलाचे भाकरी थापणारे हात थांबायचे. दामिनी सांगायची, आई, ट्रक होता. पण काही वेळा ट्रक नसायचा. भरदुपारी रस्ता रिकामा, पाखरू बोलत नसायचं, आणि माझ्या कातड्यावर बोटं उमटायची. तोच हलकेपणा, तीच लय, अर्ध्यावर तुटणारी. मी वाजत नव्हते, मला वाजवलं जात होतं. कोण वाजवत होतं ते मी सांगत नाही. तुम्हीही विचारू नका.

वच्छलानं मला मोतीरामच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं. त्यानं आणखीच वाईट झालं. आवाज आता छातीत हृदय वाजावं तसा यायचा.

शिक्षा भोगून कुंदन परत आला. एका संध्याकाळी आमच्या भिंतीशी पावलं थांबली. तो बाहेर उभा होता. आत यायचं धाडस त्याला झालं नाही. तेवढ्यात माझ्यातून तो ठोका निघाला. बाहेर त्यानं तोंडावर हात दाबल्यासारखा आवाज झाला आणि पावलं पळत गेली.

त्यानंतर तो रोज पिऊ लागला. मैनाबाई बाजारात वच्छलाला टाळायची, पण एकदा भाजीच्या गाडीपाशी दोघी समोरासमोर आल्या आणि म्हातारी रडलीच. नाताळ जवळ आला की कुंदन कानांत कापूस कोंबून बसतो, तिनं सांगितलं. म्हणतो, ढोलकी वाजून राहिली. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथवर आवाज कसा जाणार? शुद्धीवर असला की ऐकू येते, म्हणून तो शुद्धीवर राहतच नाही. वच्छलानं निवडलेली भाजी तशीच गाडीवर ठेवली. घरी येऊन माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

मंडळी आता दुसरी ढोलकी घेऊन नाताळची गाणी म्हणत फिरायची. सगळ्या घरांपुढे थांबायची. मैनाबाईचं दार आलं की गाणं मध्येच सोडायची आणि गप्प पुढे जायची. त्या दाराला खबर द्यायची नाही, असं कोणी ठरवलं नव्हतं. तरी सगळे पाळत होते.

असे काही नाताळ गेले. मग शालिकराम आजारी पडला. वच्छला त्याला बघायला गेली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं तिला सगळं सांगितलं होतं. कॅन कोणाचा आणि पहिला ग्लास कोणी भरला, तेही.

ती माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही मला चुलीत घालणार. "मरून गेला, नाई तं विचारलं असतं तुले," ती म्हणाली. ते मला नव्हतं, मोतीरामला होतं. मग तिनं स्वेटर सोडला, घडी करून ठेवला, आणि दामिनीला हाक मारून सांगितलं की ढोलकीच्या दोऱ्या ताण.

त्या वर्षीच्या नाताळला, पंचवीस तारखेच्या दुपारी, त्या दोघी मला घेऊन निघाल्या. मंडळींतल्या काहींनी अडवलं. दारुड्याच्या दारात कशाला जाता, सणाच्या दिवशी तमाशा होईल. वच्छला चालतच राहिली. थोडे लोक मागे आले, थोडे देवळापाशीच उभे राहिले.

मैनाबाईनं दार उघडलं. कुंदन आत जमिनीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे पिवळे, अंगाला मोहाचा वास. मला पाहून तो भिंतीकडे सरकला.

"वैनी, ते वाजवू नका," तो म्हणाला. "पाया पडतो."

वच्छला त्याच्यासमोर खाली बसली. "पयला ग्लास दामिनीच्या बापानं भरला होता. तू कोर्टात काहून नाई बोलला?"

तो म्हणाला, "मेलेल्या मानसाचं नाव काहून घेऊ? अन् बाकीचे तं मीच घेतले ना."

मैनाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती दाराची चौकट धरून खाली बसली. मला वाटलं, वच्छला आता रडेल, नाही तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवेल. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"मी तुले माफ कराले नाई आली," ती म्हणाली. "ते मले अजून जमलं नाई. कधी जमन ते देवाले माहीत. पण तारनारा जन्माले आला, हे तुया एकट्याचं दार सोडून साऱ्या गावाले सांगाचं, असं कुठं लिवलं हाय? हे खबर चांगल्या मानसायसाठी नाई आली, कुंदन."

तिनं दामिनीकडे पाहिलं. दामिनीनं मला मांडीवर घेतलं. पहिली थाप चुकली. दुसरी बसली. किती तरी दिवसांनी मला माहीत असलेल्या, दिसणाऱ्या बोटांनी मी वाजत होते. कुंदननं कानांवर हात दाबून धरले होते. गाणं संपलं तेव्हाही ते तसेच होते. पण तो उठून गेला नाही. मैनाबाईनं घरात होता तेवढा गूळ सगळ्यांच्या हातावर ठेवला.

एका गाण्यानं माणूस सुधारतो, असं मी म्हणणार नाही. कुंदन होळीपर्यंत न पिता राहिला, मग पुन्हा प्याला. दामिनी आता नर्स आहे. तिनं त्याला अमरावतीला व्यसनमुक्तीच्या केंद्रात नेलं. तिथून तो परत आला, काही महिने वरूडला संत्री पॅक करायच्या कामावर गेला, आणि तिथून पिऊनच परत आला. तिनं त्याला पुन्हा नेलं. गेल्या नाताळला मंडळी त्याच्या दारात गेली तेव्हा आतून कडी होती. वच्छलानं बंद दारापुढे पूर्ण गाणं म्हणायला लावलं, एक ओळ न सोडता.

ते दुपारचे ठोके अजून येतात. कमी झाले, पण येतात. वच्छला आता भाकरी थापायची थांबत नाही. "वाजव," एवढंच म्हणते. कोणाला म्हणते, हे तिला विचारायचं धाडस दामिनीलाही नाही.

माझं कातडं आता पातळ झालं आहे. फार नाताळ उरले नसतील. म्हणून एक मागणं मागते. सणाच्या दिवशी कोणी हातात किल्ली घेऊन नको म्हणत असेल, तर त्याला आग्रह करू नका. प्रेमानं तर मुळीच करू नका. मी पाहिलं आहे, प्रेमानं भरलेला ग्लास माणसाला नाकारता येत नाही. आणि आनंद कॅनमधून काढावा लागत असेल, तर तुमच्या घरी तो तारणारा अजून जन्मलेला नाही.

बाहेर लोक जमले आहेत. थंडीनं माझ्या कातड्यावरची शाई, तो काळा लेप, कडक झाली आहे, दामिनी मला शेगडीजवळ धरून ऊब देते आहे. वच्छला चपला घालते आहे. कोणी तरी विचारतं, पहिले कुठं जायचं?

"मैनाबाईकडे," ती म्हणते.