शांत झालेली राख

मी राख बोलतेय. चुलीतली नव्हे, त्या राखेनं भांडी तरी निघतात. मी भट्टीची राख. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवणारी एक भट्टी होती, तिच्या पोटातून मी निघाले. शिसं काढून घेतलं तरी थोडं माझ्यात राहूनच गेलं. भट्टीवाल्यानं मला मागच्या भिंतीशी ओतलं आणि वर्षानुवर्षं ओततच राहिला. भिंतीमागं काय आहे हे त्यानं कधी वाकून पाहिलं नाही.

पाऊस पडला की पाणी माझ्यातून झिरपे आणि जाताना शिसं घेऊन जाई. त्यात माझा काही हेतू नव्हता. पाणी उताराला जातं, आणि उताराला एका ताईंचं घर होतं. त्यांच्या अंगणातल्या हातपंपाच्या पाण्यात शिसं सापडलं. पंपाला साखळी लागली. ताई कोपऱ्यावरच्या नळावरून बादल्या वाहू लागल्या. भट्टीला कुलूप लागलं, भट्टीवाला हात झटकून मोकळा झाला आणि मी उरले.

मग माझ्याकडे प्रयोगशाळेतल्या बाई आल्या. सोबत मिक्सर चालवायला एक मिस्त्री होता, त्याच ताईंचा धाकटा भाऊ. बाईंनी त्याला समजावलं: शिसं राखेतून काढत बसायचं नाही. फॉस्फेटची पूड आणि बेताचा चुना घालून त्याला जागच्या जागी बांधून टाकायचं, म्हणजे ते पाण्याबरोबर जाणार नाही.

मिस्त्रीनं मान डोलावली. पण जन्मभर भिंती बांधलेला माणूस तो, त्यातून बहिणीचा पंप. बाईंची पाठ वळताच त्यानं आणखी दोन घमेली चुना ओतला. माणसं एकमेकांना चुना लावतात हे ऐकून होते. मला तो मायेपोटी लागला.

त्या मिश्रणाचा वाळलेला ठोकळा फोडून बाईंनी तपासणीसाठी आंबट पाण्यात घुसळला. शिसं पाण्यात उतरलं होतं.

"चुना किती घातलात?" बाईंनी विचारलं.

"जरा सढळ हातानं. म्हटलं, पक्कं होऊ दे."

"अहो, चुना प्रमाणाबाहेर गेला की बांधलेलं शिसं परत सुटतं. ही काय भिंत आहे?"

मिस्त्री मटकन खाली बसला. "म्हणजे ताईचं पाणी मीच नासवत होतो."

बाईंनी समजूत घातली नाही. "उठा, पुन्हा करू," एवढंच म्हणाल्या.

चुना जास्त झालेली मी ढिगातल्या, चुना न पडलेल्या राखेत मिसळले गेले. पूड पडली ती मापानं. या वेळी ठोकळ्यातून सुटलेलं शिसं नावापुरतंच निघालं. माझे ठोकळे पाडून ते, पाणी न झिरपणारं जाड कापड अंथरलेल्या खड्ड्यात रचायला घेतले. कामावरची माणसं म्हणू लागली, राख शांत झाली. तो शब्द उताराला पोचला आणि ताई खड्ड्याशी आल्या.

"शांत झालीय ना आता? मग आठ-दहा ठोकळे दे की. पंपापाशी ओटा करते. भांडी चिखलात घासावी लागतात."

"नाही द्यायचो."

"सख्ख्या बहिणीला नाही? पुरायलाच निघालायस ना?"

"ताई, तू भांडी लिंबानं घासतेस. रोज आंबट मुरलं तर ही बांधलेली राहील याचा भरवसा नाही. शिसं गेलेलं नाहीये, नुसतं धरून ठेवलंय. तुला ओटा हवाय का पंप?"

ताईंनी पदरानं कपाळ पुसलं. "पंपच हवाय मेल्या," म्हणाल्या आणि त्याच्याकडे न बघता उतरून गेल्या. त्याचा चेहरा पडला. मला कोणाचं फारसं सुखदुःख नाही, पण तेव्हा त्याच्यासाठी वाईट वाटलं. त्यानं उरलेले ठोकळे रचले आणि वर चिकणमाती ओढली.

पुढं पंपाचं पाणी पुन्हापुन्हा तपासलं गेलं, मग साखळी निघाली. दांड्याचा आवाज मला इथवर येतो.

दुसऱ्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला टाकू नका, वापरा. माझं उलटं आहे. मला वापरू नका, उकरू नका, माझी दया तर मुळीच करू नका. मी कुठं पुरलेय, तेवढं तुमच्या पोराबाळांना सांगून ठेवा.