ओळीअखेरचं शेपूट

बदली झाली तर किल्लीकाकांचा फायदा सरळ होता : महिन्याला अठ्ठावीस दिवस. गेली अकरा वर्षं बायको नऊ तासांवरच्या गावी परिचारिका, मुलगी तिच्याजवळ, आणि हे इथे जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात. भेट महिन्यातून दोन दिवस. त्यातला एक दिवस प्रवासाचा शीण काढण्यात जायचा, पण तो त्यांनी वजा केला नव्हता. बदलीचा कागद हातात होता. शनिवारी पाचच्या आत ‘दाखल्यांची वेबसाइट नव्या सर्व्हरवर सुरळीत चालते’ या वाक्याखाली साहेबांची सही पडली, की सुटले. नाही तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाची.

शुक्रवारी सकाळी वेबसाइट मुळीच चालत नव्हती.

जुनं यंत्र मोडीत निघणार होतं. त्यावरच्या सव्वीस फाइली काकांनी जशाच्या तशा नव्या यंत्रावर उतरवल्या होत्या. नव्याची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, पण फाइली तर त्याच. तरी पडद्यावर एकच उत्तर : सर्व्हरमध्ये अंतर्गत चूक.

“कालपर्यंत तर चालत होतं,” आवक-जावकच्या बाई म्हणाल्या. काकांचं काम पुढे त्यांच्याकडे जायचं होतं.

“कालपर्यंत मीही तरुण होतो,” काका म्हणाले.

त्यांनी फाइलींना चालण्याची परवानगी दिली. एका फाइलीच्या नावातलं मोठं अक्षर नव्या यंत्राला खपत नव्हतं, ते लहान केलं. चूक हलेना. आपल्या चुकांच्या नोंदवहीत सर्व्हर सांगत होता, अशी फाइल सापडत नाही. फाइल तर समोर बसलेली, जावयासारखी. शेवटी दोन वाजता त्यांनी यंत्राला न दिसणारी चिन्हंही दाखवायला लावली, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शेपूट निघालं. जुनं यंत्र ते चिन्ह गुपचूप लावायचं, नव्याला ते परकं. फाइल कुठल्या प्रोग्रॅमनं चालवायची ते पहिल्याच ओळीत लिहिलेलं. त्या नावालाही शेपूट. नवं यंत्र शेपटासकट नाव शोधत बसलं होतं. एका आज्ञेत सव्वीस फाइलींची शेपटं छाटली. वेबसाइट उघडली.

“झालं गं!” त्यांनी बायकोला फोनवर सांगितलं.

“सही झाली?”

“उद्या. नुसती औपचारिकता.”

“अहो, मग ‘झालं’ काय म्हणता?”

शनिवारी साडेअकराला खिडकीवर ओरडा झाला. वेबसाइट पुन्हा बंद, बाहेर तीस माणसं. बाई पांढऱ्याफटक.

“मी काही केलं नाही. साहेब म्हणाले, आता मी कायम झालोय, दाखल्याखालचा ‘प्रभारी’ शब्द काढा. एवढाच काढला.”

“कुठे काढला?”

“माझ्या यंत्रावरच्या प्रतीत. आणि चढवली वर.”

ती प्रत जुनी, शेपटांसकट. काकांनी चार मिनिटांत पुन्हा छाटणी केली. रांग सरकली.

“बाई, हे आधी विचारायचं ना!”

“विचारलं होतं, काका. चार वर्षांपूर्वी. म्हटलं, मला शिकवा. तुम्ही म्हणालात, तुम्ही तुमचे शिक्के मारा.”

काका म्हणाले होते खरे, आणि वर हसलेही होते. अख्ख्या कार्यालयाचे पासवर्ड त्यांच्या डोक्यात; कागदावर एक अक्षर नाही. शिकवलं तर आपल्याला कोण विचारणार? किल्लीकाका हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

दुपारी त्यांनी सगळं लिहून काढलं, अकरा वर्षांत पहिल्यांदाच. आठ पानं. फाइल वर चढली की शेपटं आपोआप छाटली जातील, अशीही सोय केली. बाईंकडून तीनदा करून घेतलं. तिन्ही वेळा जमलं. साडेचारला दोघं साहेबांसमोर उभे राहिले.

“साहेब, मला येतं आता,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी आठही पानं उलटून पाहिली, वाचली नाहीत. “छान लिहिलंय. पण काका, दोन दिवसांत दोनदा बंद पडलं, आणि दोन्ही वेळा उठवलं कोणी?”

“मी. पण साहेब, आता कारण कळलंय...”

“तुम्हाला कळलंय. तेच म्हणतो मी. तुम्ही म्हणजे या ऑफिसचा कणा. कणा काढून देतं का कोणी?” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “पुढच्या वर्षी बघू. मी स्वतः शिफारस करतो.”

“साहेब, मुलगी पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जाईल.”

“बघा, म्हणजे घाईच उरणार नाही.”

पाच वाजून गेल्यावर काकांनी घरी फोन लावला. मुलीनं उचलला.

“आई ड्यूटीवर आहे. सही झाली, बाबा?”

“नाही गं. राहिली.”



“बरं. शाळेचा फॉर्म सोमवारी द्यायचाय. पालकाच्या सहीची जागा तुमच्यासाठी रिकामी ठेवली होती. मामाची घेऊ?”

“घे.”

“मग नातंही लिहावं लागेल.”

“लिही.”

तर साहेबांचा ‘प्रभारी’ गेला, बाईंना विद्या मिळाली, तीस माणसांना दाखले मिळाले. कोणाचंच काही गेलं नाही. फक्त एका मुलीनं फॉर्मवर ‘वडील’ खोडून वर ‘मामा’ लिहिलं, सुवाच्य अक्षरात.