आत्याच्या उतारावरची वाइन

मी एक वाइनची बाटली बोलतेय. बोलता बोलता मध्येच खुदकन हसले तर राग मानू नका. माझ्या पोटात जे आहे त्याचा स्वभावच तसा, आणि माझ्या बाबतीत जे घडलं तेही हसू यावं असंच.

माझ्या लेबलवर दोनच शब्द आहेत आणि ते एका बागेचं नाव आहे. एरवी बाटलीवर कारखान्याचं नाव असतं, फार तर द्राक्षाच्या जातीचं. दहा बागांची द्राक्षं एका टाकीत पडली तरी कुणी विचारत नाही. माझा मात्र थेंब न् थेंब एकाच बागेतला. एवढीशी गोष्ट, पण तिच्यापायी एका घरात वर्षभर काय धुमाकूळ झाला, तो ऐका.

बाग आहे एका उतारावर. तिची मालकीण सत्तरी उलटलेली, काटक, तोंडाने फटकळ. गाव तिला आत्याच म्हणतं. जमिनीची वाटणी झाली तेव्हा खालची मऊ, सपाट जमीन धाकट्या भावाकडे गेली आणि हिच्याकडे आला हा दगडगोट्यांचा उतार. ती भांडली नाही. दगड वेचून तिने बांध घातले, मधल्या मातीत वेली लावल्या आणि माथ्यावर एका खोलीचं घर बांधून राहिली. भावाने खाली वाइनचा कारखाना काढला. तीस वर्षं आत्याची द्राक्षं त्याच्या मोठ्या टाकीत सगळ्यांबरोबर पडत आली. दोघं बोलायची ती फवारणी आणि तोडणीपुरती. एकमेकांच्या घरी जाणं नव्हतं.

मग भावाची मुलगी वाइन करायला शिकून परत आली. त्या वर्षी तिने आत्याच्या उतारावरची निम्मी द्राक्षं, कुणाला न विचारता, एका वेगळ्या टाकीत चेचली. तोच माझा जन्म.

काय दिवस होते ते! चौथ्या दिवशी आम्ही अशा फसफसायला लागलो की टाकीवरचं झाकण थडथड उडू लागलं. मधमाश्या येऊन भोवती गरगरल्या आणि उडायचं विसरून काठावर बसून राहिल्या. अंगातल्या साखरेचं हळूहळू मद्य होतं, आणि आपण आपल्यालाच चढत जातो. ती मजा सांगून कळायची नाही.

भाचीने एक घोट चाखला, उपड्या क्रेटवर बसली आणि एकटीच हसत राहिली. मग तशीच वडिलांकडे गेली. म्हणाली, ही वेगळी भरायची, आणि बाटलीवर नाव घालायचं, ‘आत्याचा उतार’.

वडील जपून पावलं टाकणारे. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. चार बागा एकत्र असल्या की एकीचं उणं दुसरी झाकते, एकटीला कोण झाकणार? शेवटी ते तयार झाले, पण एकाच वर्षासाठी. गिऱ्हाइकांनी उचलली तर ठीक, नाहीतर पुढच्या तोडणीला उताराची द्राक्षं पुन्हा मोठ्या टाकीत.

पहिलाच अडथळा आला तो पिंप भरताना. ते काठोकाठ भरावं लागतं, नाहीतर हवा लागून आतलं बिघडतं, आणि वाइन कमी पडली. वडील म्हणाले, सपाटीवरची थोडी घालून भरून घेऊ, बाटलीवर एका बागेचं नाव असलं तरी नियमात तेवढं चालतं. आत्या दारात उभी होती.

“मग नावातलंही थोडं कमी छाप,” ती म्हणाली. “‘आत्याचा उता’.”

भाची पोट धरून खाली बसली. वडील हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन लहान पिंप घेऊन आले. त्यात भरून जी उरली ती भाचीने बरण्यांत राखली, आणि पिंपातली वाइन उडून जाईल तशी तिनेच भर घातली. बाहेरचा एक थेंब नाही. दहा महिन्यांत मी त्या लाकडात शांत झाले, शहाणी झाले. बाटल्या भरल्या त्या दोनशे एक्क्याण्णव.

चाखायला दुकानदार आणि हॉटेलवाले येणार होते त्या दिवशी सकाळी छपाईवाल्याकडून लेबलं आली. चार वाजता पाहुणे यायचे. भाचीने भराभरा सगळ्या बाटल्यांना लेबलं चिकटवली. ते नाव तिने मनात इतक्यांदा वाचलं होतं की कागदावरचं तिला दिसलंच नाही. दिसलं आत्याला. तिने चष्मा लावला, मला उचललं आणि सावकाश वाचलं, “आत्याचा उतारा.”

छपाईवाल्याने एक काना जास्तीचा दिला होता.

भाचीच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. आत्याने मला फिरवून मागून पाहिलं, पुढून पाहिलं. “हा उतारा कशावर आहे?” तिने विचारलं. “खोकल्यावर घ्यायचा, का भावावर?”

आणि वडील हसले. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बहीणभाऊ समोरासमोर उभे राहून हसत होते आणि भाची रडावं का हसावं अशी बघत होती. आम्ही सगळ्या बाटल्या टेबलावर किणकिणत होतो, कारण वडील टेबलाला धरूनच उभे होते.

मग त्यांनी डोळे पुसले, खिशातली कलमं करायची सुरी काढली आणि खुर्ची ओढली. नवी लेबलं छापायला वेळ नव्हता. सुरीच्या टोकाने त्यांनी पहिल्या बाटलीवरचा काना हलकेच खरवडला. शाई गेली, कागद शाबूत राहिला. ज्या नावाला त्यांचा विरोध होता ते नाव ते एकेका बाटलीवर नीट करत बसले. आत्या एका बाजूने बाटल्या सरकवत होती, भाची दुसरीकडून पुसून घेत होती. चारला दहा मिनिटं असताना शेवटची मी उरले. सुरी माझ्याजवळ आली तशी आत्याने मला उचललं.

“ही मला राहू दे,” ती म्हणाली. “औषधाला.”

पाहुणे आले. पेले फिरले. वाइनच्या दुकानाच्या एका मालकिणीने चाखून पेला पुन्हा भरून घेतला, मग लेबलवर बोट फिरवत विचारलं की इथे कागद खडबडीत का. भाची सांगणार तोच वडील म्हणाले, “तिथे एक चूक होती. फार दिवसांची. माझ्याच हाताने काढायची होती.” आत्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या बाटल्या विकल्या गेल्या, आठवड्यात बाकीच्याही. या तोडणीला उतारासाठी दोन पिंपं धुऊन ठेवली आहेत.

आणि मी? मी आत्याच्या खिडकीत बसले होते. आज दुपारी भाऊ उतार चढून आला, धापा टाकत, डोक्यावर खुर्ची घेऊन. बहिणीकडे एकच खुर्ची आहे, हे त्याने मुलीला विचारून घेतलं होतं. आत्याने ती आपल्या खुर्चीसमोर मांडली. तिने बूच काढायचा स्क्रू शोधला आणि दोन पेले विसळले.

चाखण्याच्या दिवशी तो नुसता दुसऱ्यांचे पेले भरत राहिला होता. आज त्याने पहिल्यांदा घोट घेतला, आणि बराच वेळ बाहेर वेलींकडे पाहत राहिला.

वाचकहो, मला घाई करायला हवी, मी भराभर रिकामी होतेय आणि डोकं पिसासारखं हलकं झालंय. एवढंच सांगते. कधी बागेचं नाव असलेली बाटली हाती आली तर एकटे पिऊ नका. ज्याच्याशी बोलणं राहून गेलंय त्याला बोलवा.

“ताई, अजून थोडी,” भाऊ म्हणतोय.

ताईने आधी स्वतःचा पेला भरून घेतलाय.