हात फिरेल तेवढा उजेड

मित्रांनो, माझ्या पोटात ना तेल आहे ना वात, तरी मला कंदील म्हणतात. अंगाने मी नारळाएवढा, रंगाने नारिंगी, आणि माझ्या कुशीला एक दुमडता दांडा आहे. तो शंभर वेळा फिरवला की मी पंधरा-वीस मिनिटे उजेड देतो. मग पुन्हा कोणाचा तरी हात लागतो.

माझा जन्म जपानमधल्या कावासाकी शहरात, एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या बाईंनी माझे स्क्रू आवळले, दांडा तीनदा फिरवून पाहिला आणि मला खोक्यात घातले. पुढे कितीतरी महिने मी दुकानाच्या फळीवर बसून होतो. विजेच्या देशात हाताने फिरवायचा कंदील कोण घेतो?

मग २०११ चा मार्च आला. जमीन हलली, फळी कोसळली आणि माझ्या बुडाचा एक टवका उडाला. दोन दिवसांत गावातल्या मेणबत्त्या आणि बॅटऱ्या संपल्या, तेव्हा लोकांना आमची आठवण झाली. माझे सगळे भाऊ एका सकाळीत विकले गेले. टवका उडालेला मी शेवटी उरलो, आणि मला पद्मिनीने उचलले.

पद्मिनी मूळची पुण्याची. रसायनशास्त्रात संशोधन करायची. तिचा नवरा केदार सॉफ्टवेअरमध्ये होता आणि मुलगी तन्वी सात वर्षांची. भूकंपानंतर केदार तन्वीला घेऊन पंधरा दिवसांसाठी म्हणून पुण्याला गेला. त्या पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. पद्मिनी मात्र प्रयोगशाळेतले अर्धवट प्रयोग टाकून जाईना. ठरवून वीज बंद ठेवायचे ते दिवस होते. संध्याकाळी ती मला आकड्याला टांगायची आणि समोर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. धक्का आला की आधी माझ्याकडे बघायची. मी हलत असेन तर भास नाही, खरेच जमीन हलते आहे, हे तिला कळायचे. प्रयोगशाळेत जातानाही मी तिच्या पिशवीत असे.

एप्रिलमध्ये एका सकाळी ती स्टेशनकडे निघाली होती. वाटेवरच्या बागेत एक म्हातारी आयरिश बाई झाडासमोर उभी होती. हातात पेलाभर पाणी. तिने ओठातल्या ओठात काही म्हटले, एक घोट घेतला आणि उरलेले पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतले. पद्मिनीला आजीचे तुळशीला पाणी घालणे आठवले असावे. ती थांबली, आणि तिची ट्रेन चुकली.

त्या बाईंचे नाव ब्रोना. तीस वर्षे जपानात इंग्रजी शिकवून त्या आता निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी सांगितले की त्या ड्रुइड आहेत. ड्रुइड म्हणजे आयर्लंड-ब्रिटनकडचे फार जुने पुरोहित, झाडांना, पाण्याला, अग्नीला मानणारे. त्यांनी काही लिहून ठेवले नाही, म्हणून त्यांच्या प्रार्थना त्यांच्याबरोबरच गेल्या. आज त्यांची वाट पुन्हा धरणारी थोडी माणसे जगभर विखुरलेली आहेत. त्यातली काही व्रत घेऊन राहतात. त्यांना मठाची इमारत नसते. आपल्याच घरात राहायचे आणि रोज ठरल्या वेळी प्रार्थना करायची.

"मग प्रार्थना कोणती म्हणता?" पद्मिनीने विचारले.

"माझी मीच केलेली. करायला वीस वर्षं लागली. अजूनही एखादा शब्द बदलतो."

"मला जमेल?"

"करून बघ. मी शिकवणार नाही. सोबत करीन."

पद्मिनी संशोधक बाई. तिने इंटरनेटवरून दिवसाच्या पाच प्रार्थना उतरवून घेतल्या, उदबत्त्या आणल्या, मेणबत्त्या मिळवल्या. तिसऱ्या दिवशी छतावरचा धुराचा अलार्म असा ओरडला की खालच्या मजल्यावरचे आजोबा भूकंप समजून हेल्मेट घालूनच वर आले. पाच प्रार्थनांच्या तीन झाल्या, तिनांची एक, आणि नवव्या दिवशी तीही राहिली.

"मला नाही जमत, ब्रोना-सान," ती बागेत म्हणाली, नावाला जपानी रीतीचे आदराचे 'सान' लावून. "आणि घरात ज्योत लावता येत नाही."

ब्रोनांनी पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे बोट दाखवले. "हा आहे ना? आग नाही तर नाही. हात तर फिरतो." मग म्हणाल्या, "अंगात ताप असेल त्या दिवशी जेवढं करता येईल, तेवढंच ठरव. चांगल्या दिवसाच्या हिशेबाने ठरवू नकोस. आणि त्या उतरवून आणलेल्या प्रार्थनांतलं ओकचं झाड सोड. तुझ्या खिडकीबाहेर काय आहे?"

खिडकीबाहेर रस्त्याकडेचे गिंकोचे झाड होते. महापालिकेने फांद्या छाटून त्याचा नुसता खुंट करून ठेवला होता. पद्मिनीला ते कधी झाड वाटलेच नव्हते.

त्या दिवसापासून माझा खरा संसार सुरू झाला. सकाळी साडेपाचला ती मला खिडकीत ठेवायची, शंभर वेळा दांडा फिरवायची, पेल्यात पाणी घ्यायची आणि गिंकोकडे बघत उभी राहायची. पहिल्या आठवड्यात नुसतीच उभी राहिली. इंग्रजी शब्द तिच्या तोंडात बसेनात. मग एका सकाळी ती मराठीत, अगदी हळू म्हणाली, "पाणी आहे, ते मला मिळालं. उजेड आहे, तो मला दिसला. झाड उभं आहे, त्याच्यासोबत मीही उभी आहे. आज माझ्या हातून कुणाचं वाईट न होवो." एवढेच. ती चार वाक्ये जुळायला तीन आठवडे लागले होते. मे महिन्यात त्या खुंटाला पोपटी पाने फुटली तेव्हा तिने ब्रोनांना फोन करून सांगितले, जणू घरात पाळणा हलला.

ऑगस्टमध्ये केदार आणि तन्वी परत आले. पहिल्याच सकाळी तन्वी डोळे चोळत उठली आणि तिने जपानीत विचारले, "मामा, नानी शितेरु नो?" म्हणजे, आई, काय करतेयस?

"झाडाला गुड मॉर्निंग म्हणतेय," पद्मिनी म्हणाली. तन्वीला ते पटले. केदारला पटले नाही.

"आपल्या घरात देव आहेत की," तो चहा घेताना म्हणाला. "हे नवीन काय काढलंयस? उद्या संन्यास घेशील."

"सकाळची पंधरा मिनिटं, केदार. बाकीचा दिवस तुमचाच आहे."

वाद तिथेच थांबला. पण मी खिडकीत दिसलो की केदार मला उचलून चपलांच्या कपाटावर ठेवायचा, आणि सकाळी ती मला तिथून परत आणायची.

त्या नोव्हेंबरात पद्मिनीने ठरवले की व्रत घ्यायचे. ब्रोनांची अट साधी होती. वर्षभर रोज प्रार्थना करायची आणि रोज वहीत एक ओळ लिहायची. वर्षअखेर वही बघून त्या व्रत देणार होत्या.

मित्रांनो, आता जे सांगतो ते फक्त मला माहीत होते. पुढच्या जूनमध्ये प्रयोगशाळेत मोठा अहवाल द्यायचा होता. पद्मिनी पहाटेच निघायची आणि घरी आल्यावर तिला धड जेवण जात नसे. एक सकाळ चुकली, मग चार, मग मोजणे थांबले. माझ्यावर धूळ बसली. दांड्याच्या खाचेत कोळ्याने जाळे केले. जुलै संपता संपता एका रविवारी तिने वही काढली आणि एका बैठकीत सगळे रिकामे दिवस भरले. 'पाऊस. झाड ओले.' 'मन शांत.' 'आज पाखरू दिसले.' मध्ये मध्ये पेन बदलून. प्रयोगशाळेत जिने कधी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, ती बाई माझ्यासमोर बसून खोटे लिहीत होती. मला तोंड असते तरी मी काय बोललो असतो?

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा उभी राहू लागली. शब्द तेच होते, पण घाईघाईने म्हटलेले, आणि माझ्याकडे न बघता. ऑक्टोबर अर्धा सरला. व्रताला तीन आठवडे राहिले. ब्रोनांची तब्येत उतरत चालली होती. दोन पायऱ्या चढल्या की त्यांना धाप लागायची. बहीण त्यांना आयर्लंडला परत बोलावत होती. व्रत आणखी वर्षभर लांबले तर त्या इथे असतील का, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

तरी एका सकाळी पद्मिनी मला आणि वहीला पिशवीत घालून बागेत गेली. ब्रोना बाकावर बसल्या होत्या.

"त्रेचाळीस दिवस मी लिहिलेत, केले नाहीत," ती म्हणाली. तिने एकेक पान उलटून दाखवले. "हे खोटं. हे पण. हे पाखरूसुद्धा."

ब्रोनांनी वही मिटून परत दिली.

"चुकलेल्या दिवसांचं मला काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "माझेही चुकलेत, कधीकधी सबंध हिवाळा. पण खोट्यावर व्रत कसं देऊ? एक वर्ष थांब. पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"तर नसेन."

पद्मिनी रडली. ब्रोनांनी तिचा हात धरला, पण शब्द मागे घेतला नाही. परतताना पद्मिनीने नवी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिले, 'आज उशीर झाला. तरी उभी राहिले.' आणि प्रार्थनेत एक वाक्य वाढले, "काल चुकलं असेल ते चुकलं म्हणून सांगते." तेही ताप येईल त्या दिवशी म्हणता येण्याजोगे होते. त्या वर्षी तिला खरेच दोनदा ताप आला, आणि दोन्ही वेळा तिने अंथरुणावरूनच माझा दांडा फिरवला.

पुढच्या उन्हाळ्यात ब्रोना आयर्लंडला गेल्या. ऑक्टोबरात त्यांचे पत्र आले. थरथरत्या अक्षरात लिहिले होते, 'वही मला पाठवू नकोस. तुझी तूच बघ आणि खरी असेल तर व्रत घे. साक्षीला झाड आहेच, पण एक माणूसही असू दे. तुझ्या घरातला.'

पद्मिनीने ते पत्र दोन दिवस पर्समध्ये ठेवले. मग केदारसमोर दोन्ही वह्या ठेवल्या, खोटी आणि खरी. कोणती कोणती, तेही सांगितले. केदार जेवणाच्या टेबलाशी बसून वाचत राहिला. नव्या वहीत त्याचेही नाव होते. 'आज केदारशी भांडले. तरी उभी राहिले.' 'केदारने कंदील पुन्हा कपाटावर ठेवला. राग आला. सांगितले नाही.'

"सांगायचं ना," तो म्हणाला.

"तू काय म्हणाला असतास?"

"ठेवलाच असता परत." तो थोडा हसला. मग वही मिटत म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही, पद्मिनी. साक्षीदाराने काय करायचं असतं?"

"नुसतं उभं राहायचं."

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी थंडी होती. तिघे खिडकीशी उभे राहिले. तन्वी शाळेचा गणवेश घालूनच आली होती. पद्मिनीने पेल्यात पाणी घेतले आणि माझ्याकडे हात नेला, तेवढ्यात केदारने मला उचलले आणि दांडा उलगडला. त्याला सवय नव्हती. पहिले दहा-बारा वेढे अडखळतच गेले. तन्वी जपानीत मोजू लागली, इचि, नि, सान. शंभराला तो थांबला आणि मला दोन्ही हातांत धरून उभा राहिला. त्या उजेडात पद्मिनीने तिची पाच वाक्ये म्हटली, आणि सहावे म्हटले, "जिवंत आहे तोवर रोज." मग पेला आधी केदारच्या हाती दिला.

मित्रांनो, आज मी म्हातारा आहे. माझी काच पिवळी पडली आहे. पण माझा उजेड शाबूत आहे, आणि त्यात माझे कौतुक काही नाही. आमच्या पोटात एक लहान सेल असतो. दांडा रोज फिरवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो, नुसता ठेवला तर मरतो. माझ्याबरोबर त्या सकाळी विकले गेलेले भाऊ संकटात लागतील म्हणून भरलेल्या पिशव्यांत जपून ठेवले आहेत. त्यातले बरेच आता पेटणार नाहीत, आणि हे त्यांच्या मालकांना अजून माहीत नाही. तुमच्याही घरी कपाटाच्या तळाशी आमच्यापैकी कोणी असेल. त्याला आज बाहेर काढा. धूळ पुसा. दांडा फिरवताना पहिल्यांदा जड जाईल, तरी हात सोडू नका.