पुतळ्याचं नाव भाऊजी

धान्याच्या कोठीत अडकलेला माणूस बाहेर कसा काढायचा, याचा सराव त्या शेतावर दर बुधवारी व्हायचा. त्यासाठी भुसा भरलेला एक पुतळा होता. अंगात घरजावयाची जुनी विजार, आणि बसून असायचा दिवसभर कोपऱ्यात. म्हणून जावयाच्या मेहुण्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, त्याचं नाव 'भाऊजी' ठेवलं. खऱ्या भाऊजींना ते लागलं. पण पुतळा निदान बडबड तरी करत नाही, असं त्यांची बायकोच म्हणाल्यावर विषय मिटला.

या बुधवारी कोठीतलं धान्य खाली यायचं थांबलं. धान्य खाली ओढणारी मोटर चालूच ठेवून, कोणाला न सांगता, भाऊजी बांबू घेऊन वरच्या झाकणातून आत उतरले. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या मिनिटाला पायाखालचं धान्य सरकलं आणि ते छातीपर्यंत आत गेले. सासुरवाडीत पाय रुतणं म्हणतात ते हे नव्हे. श्वास सोडला की दाणे आणखी आवळायचे.

त्यांनी हाक मारली. सराव आज लवकर दिसतोय, असं म्हणत वहिनींनी मोटर बंद केली, बटणाच्या पेटीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मेहुणा दोर बांधून झाकणापाशी आला.

"आज पुतळ्याऐवजी तुम्ही स्वतः?"

खरं अगदी जिभेवर होतं. पण मेहुण्याचा भाऊजींवर फार जीव होता. डोकं मात्र त्या मानाने कमी. खरं कळलं असतं तर दोर सोडून त्याने उडीच घेतली असती, आणि एकाच्या जागी दोघं गेले असते.

"हो," भाऊजी म्हणाले. "सरावच आहे. सावकाश चालू दे."

पुढे ते काहीच बोलले नाहीत.

मेहुण्याने फळीवर उभं राहून त्यांच्याभोवती धान्य अडवायला एकेक पत्रा खोचला आणि आतलं धान्य डब्याने उपसलं. ओढायचं नाही, हात निखळतो, हा नियमही मोठ्याने म्हटला. मध्येच चहाची सुट्टी मागितली. वहिनींनी खालून नाकारली. भाऊजींचे निळे पडलेले ओठ पाहून, अभिनय जरा जास्त होतोय, असं त्याने सुचवलं.

पाऊण तासाने भाऊजी अंगणात आडवे झाले. वहिनींनी वहीत लिहिलं: काम चोख. भाऊजी पूर्ण वेळ गप्प.

तिथे त्यांचं पेन थांबलं.

"भाऊजी, तुम्ही खरंच अडकला होतात?"

भाऊजींनी होकारार्थी मान हलवली. मेहुणा उभ्या जागी कोसळला.

मग भाऊजी उठून बसले आणि पाय वर धरा, कॉलर सैल करा, गर्दी करू नका, असं पाऊण तासाचं तुंबलेलं सगळं त्यांनी बोलून घेतलं. कोपऱ्यातल्या भाऊजींनी हूं की चूं केलं नाही.