पाय धुण्याचं चित्र

मला जुळी झाली तेव्हापासून सगळे मला नालोंगो म्हणतात. आमच्याकडे जुळ्यांच्या आईचं हेच नाव. जुळी मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली, नाव तेवढं मागं राहिलं. एंतेब्बेला सरोवराकाठच्या बागेत महिन्यातून एका रविवारी कारागिरांचा बाजार भरतो, तिथं मी टोपल्या विकते. माझ्या शेजारची जागा नाबुकेराची.

नाबुकेरा मसाक्याकडची. तिचे वडील सालीचं कापड करायचे. उंबराच्या जातीचं एक झाड असतं, त्याची साल सोलून लाकडी मोगरीनं बडवत बसायचं. बडवता बडवता ती पसरते, मऊ होते, चादरीएवढी होते. रंग पावसात भिजलेल्या तांबड्या मातीचा. त्या कापडाचे तुकडे एकावर एक शिवून नाबुकेरा चित्रं करायची. विहिरीवर वाकलेल्या बायका, केळी सोलणारी म्हातारी, सायकलवर घडांच्या मागे झाकला गेलेला माणूस. तिच्या चित्रांत कुणाला चेहरा नसायचा. एकदा मी विचारलंसुद्धा. म्हणाली, "चेहऱ्याकडे मला बघवत नाही, मावशी. बघितलंच नाही तर काढू काय?"

लाजरी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण ही वेगळीच. सकाळी दोरी बांधून चित्रं टांगायची आणि त्यांच्या मागं जाऊन जमिनीवर बसायची. चित्रांच्या खाली तिची पावलं दिसायची, तेवढीच. गिऱ्हाइकानं विचारलं, "हे कुणी केलं हो?" की पावलं आत ओढली जायची. मग मी माझ्या जागेवरून ओरडायचे, "अहो, तिनंच केलंय! कासव आहे ते. हाका मारा, मान बाहेर काढेल!" लोक हसायचे. कधी कधी तीही मागं बसून हसायची.

विकायचं काम बहुतेक माझ्याच तोंडाचं. एकदा एक म्हातारे गृहस्थ कापड चिमटीत धरून म्हणाले, "मेल्या माणसाला गुंडाळायचं कापड हे. भिंतीवर कोण लावणार?" मी म्हटलं, "आजोबा, तुमच्या वाटणीचं वेगळं ठेवलंय. इतकी घाई करू नका." ते इतके हसले की खोकला लागला, आणि जाताना विहिरीचं चित्र घेऊन गेले.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. नाबुकेरानं एक नवं चित्र आणलं. दारातल्या घमेल्यात एक लहान मुलगी उभी आहे, आई वाकून तिचे पाय धुतेय. झोपायच्या आधी आपण सगळेच मुलांचे पाय धुतो, तसंच. मुलीनं तोल जाऊ नये म्हणून आईच्या डोक्यावर एक हात टेकलाय. चेहरा कुणालाच नाही. पण तो हात! इवलीशी बोटं फाकलेली, आईच्या केसांत रुतलेली.

ते चित्र बघून एक बाई थांबली. अंगात कामावरचा निळा झगा, हातात भाजलेल्या केळ्याचा पुडा. केळं तोंडाशी नेलं होतं, ते तसंच राहिलं. कितीतरी वेळ उभी होती. मी तोंड उघडणार, एवढ्यात ती चित्राशी बोलल्यासारखं म्हणाली, "ही माझी मुलगी."

दोरीमागची पावलं या वेळी आत ओढली गेली नाहीत. नाबुकेरा उठली आणि चक्क बाहेर आली.

"अशीच डोक्यावर हात ठेवायची," बाई म्हणाली. "पाणी गार असलं की केस ओढायची. तुम्ही कुठं पाहिलंत तिला?"

"नाही पाहिलं," नाबुकेरा म्हणाली. "मी... माझी आई माझे पाय धुवायची."

तिच्या तोंडून गिऱ्हाइकाशी एवढं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. मी माझ्या टोपल्या नीट करायचं सोंग घेतलं आणि कान तिकडे ठेवले.

बाईचं नाव तेओपिस्ता. माहेर दूर पश्चिमेला, फोर्ट पोर्टलकडे. नवरा लुटाया इथल्याच धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मुलगी काही वर्षांपूर्वी तापानं गेली होती. "तेव्हापासून तो तिचं नावसुद्धा घेत नाही," ती सांगत होती. "तिचे कपडे मीच बांधून ठेवले. मी विषय काढला की तो उठून बाहेर जातो. मला वाटायला लागलंय, मुलगी माझ्या एकटीचीच होती की काय."

नाबुकेरानं चित्र दोरीवरून काढायला हात वर केला. तेओपिस्तानं तो धरला.

"आज नको. पुढच्या बाजाराला त्याला घेऊन येते. घरी नेलं तर तो बघणारच नाही. इथं, असं लटकलेलं, अचानक समोर यायला हवं. मला आलं तसं. ठेवाल ना?"

नाबुकेरानं मान डोलावली. बाई गेल्यावर मला म्हणाली, "मावशी, तो येईल ना हो?"

"बायकोनं ठरवलं तर नवरा चंद्रावरसुद्धा जातो," मी म्हटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी माझ्या भाचीला मागणी घालायला पाहुणे यायचे होते, त्यामुळं सकाळी मी बाजारात नव्हते. दुपारी लांब बाह्यांचा रेशमी झगा तसाच अंगावर ठेवून मी बागेत आले, तर नाबुकेराची दोरी रिकामी. नुसते चिमटे. ती दोरीच्या पुढ्यात उभी, ओठ पांढरे पडलेले.

मी तर खूश झाले. "अगं, सगळं खपलं? माझ्याशिवाय?"

तिनं काय झालं ते तुटक तुटक सांगितलं. कंपालात एक नवं हॉटेल झालंय, त्याच्या भिंती सजवण्याचं काम घेतलेली कुणी बाई आली होती. कानाला फोन, मागं ड्रायव्हर. तिला चित्रं आवडली, सगळीच्या सगळी. ड्रायव्हर चिमटे काढून चित्रं गुंडाळायला लागला. नाबुकेरा म्हणाली होती, "ते नको... ते एक ठेवलंय." पण तिचं म्हणणं तिच्या गळ्यातून बाहेर पडेपर्यंत बाई फोनवर हसत होती. पैसे नाबुकेराच्या हातात कोंबले, चित्रं गाडीत गेली. ती गाडीमागं थोडी धावली. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही.

"अगं, मग शेजारच्या कुणाला तरी सांगायचंस!"

"काय सांगू, मावशी? नको म्हणायला मला येत नाही, हे सांगू?"

तेवढ्यात ती दोघं फाटकातून येताना दिसली. तेओपिस्ता पुढं, मागं तिचा नवरा. उंच, रुंद खांद्यांचा, चर्चला घालायचा कोट, नखांतलं काळं तेल घासूनही न गेलेलं. त्याला इथवर आणायला तिला काय करावं लागलं असेल देव जाणे. ती लगबगीनं आली आणि दोरीकडे बघून थांबली.

"कुठंय?" लुटायानं विचारलं.

तेओपिस्तानं नाबुकेराकडे पाहिलं. नाबुकेरा जमिनीकडे बघत होती. मीच सांगितलं, चुकून विकलं गेलं, दुसरं करून देईल, तिचा हात फार चांगला आहे. बोलत राहिले, माझा स्वभावच तो. पण ती दोघं माझं ऐकत नव्हती. लुटायानं रिकामे चिमटे बघितले, खाली पडलेले सालीच्या कापडाचे कपटे बघितले, आणि त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

"चल," तो म्हणाला. "म्हटलं होतं ना, काही नसतं असलं."

तो फाटकाकडे चालायला लागला. तेओपिस्ता क्षणभर उभी राहिली. तिनं नाबुकेराच्या दंडाला हात लावला. "असू दे गं," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच आठवड्यात नाबुकेरा एकटी कंपालाला गेली. जिला पाण्याची बाटली विकत घ्यायची म्हटली तरी दुकानाबाहेर दोन माणसं कमी व्हायची वाट बघावी लागायची, ती त्या हॉटेलच्या दारात जाऊन उभी राहिली. पहारेकऱ्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कामाला आलीस? मागच्या दारानं जा." नाही म्हणता आलं नाही, म्हणून ती मागच्या दारानं गेली. आत साफसफाईच्या मुकादमिणीनं तिच्या हातात फडकं दिलं आणि खोल्या दाखवायला नेलं. वरच्या मजल्यावर लांबलचक बोळात तिला तिचं चित्र दिसलं, काचेआड. तिनं काचेवर बोट ठेवलं.

"बोटं लावू नकोस," मुकादमीण म्हणाली. "पुसावं मलाच लागतं."

"हे माझं आहे."

"सगळं देवाचंच आहे, पोरी. चल पुढं."

तेव्हा नाबुकेरा मोठ्यानं बोलली. तिनंच मला सांगितलं, नाहीतर माझा विश्वास बसला नसता. बोळातल्या दोन खोल्यांची दारं उघडली म्हणे, इतक्या मोठ्यानं. मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, तिला खुर्ची दिली, चहा दिला. पैसे परत घ्या, बदल्यात दुसरं घ्या, दोन घ्या, ती म्हणाली. पण सजावट करणारी बाई काम संपवून नैरोबीला निघून गेलेली, आणि भिंतीवरचं काढायचा मला हक्क नाही, असं तो म्हणाला. ती मागच्याच दारानं परत आली.

मग तिनं नवं केलं. तेच घमेलं, तीच वाकलेली आई. पण तो हात काही तिला जमेना. शिवायची, उसवायची. कापडाला भोकं पडायची, तुकडा टाकून द्यायची. शेवटी जमलं तसं घेऊन ती बाजाराला आली. या वेळी मागं बसली नाही, दोरीपुढं स्टूल टाकून बसली, फाटकाकडे तोंड करून. तेओपिस्ता आली नाही. त्याच्या पुढच्या बाजारालाही नाही. लोकांनी ते चित्र मागितलं की नाबुकेरा स्पष्ट म्हणायची, "हे विकायचं नाही." एवढं तिला यायला लागलं होतं. मी धक्क्यावर चौकशी केली तर कुणी म्हणालं, लुटायाची बायको माहेरी गेलीय. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. की सांगायचं नव्हतं.

मोठा पाऊस संपता संपता एका रविवारी लुटाया आला. एकटा, कामाच्या कपड्यांत. नाबुकेरा स्टुलावरून उठली. तो चित्रासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता हा पुन्हा तोंड फिरवून जाणार. पण तो जवळ गेला, आणखी जवळ, आणि म्हणाला, "हात इथं नव्हता."

"मग कुठं होता?" नाबुकेरानं विचारलं.

"कान धरायची. आईचे दोन्ही कान. गाडीचं हँडल धरावं तसे. मी मागं दारात उभा असायचो, तेव्हा आईचं डोकं माझ्याकडे वळवायची आणि म्हणायची, बाबाकडे चल." त्याला हसू आलं, आणि मग ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

नाबुकेरानं त्याला स्टूल दिलं. चित्र मांडीवर घेतलं, दाभण काढला आणि हाताचे टाके उसवायला लागली. तो बसला. ती शिवत होती आणि तो सांगत होता. मुलगी कशी बोलायची, धक्क्यावर कशी यायची, माशाचं डोकं कसं मागून घ्यायची. कुणी विचारत नव्हतं, थांबवत नव्हतं. नाबुकेराला मधे बोलायची सवयच नाही. मी गिऱ्हाइकांना खुणेनंच पलीकडे पाठवत होते. एकदा त्यानं पडलेला कपटा उचलला आणि बोटांत फिरवत म्हणाला, "तिला गुंडाळायला कापड मीच निवडलं होतं. सगळ्यांत मऊ कुठलं, ते गालाला लावून बघितलं."

ऊन कलायच्या आत दोन्ही हात कानांवर आले. चित्र एकदम ओळखीचं दिसायला लागलं. मी त्या पोरीला कधी पाहिलं नव्हतं, तरी. त्यानं किंमत विचारली, नाबुकेरानं नकारार्थी मान हलवली. "फोर्ट पोर्टलला न्या," ती म्हणाली. "त्यांना दाखवा. आणि... माझं चुकलं म्हणावं. माझा आवाज निघाला नाही." त्यानं चित्र वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि छातीशी धरून गेला.

महिनाभर आम्ही दुसरं काही बोललो नाही. मी मनातल्या मनात त्या दोघांना बसमधून उतरवून घरी आणलं होतं, चित्र भिंतीवर लावलं होतं. पुढच्या बाजाराला तो आला, पुन्हा एकटा. चित्र हातात नव्हतं.

"भेटल्या?" नाबुकेरानं विचारलं.

"भेटली. अंगणात बसून बघितलं तिनं. म्हणाली, कान धरायची हे मी विसरले होते, तुला बरं आठवलं. मला वाटलं, आता आत बोलावेल. मग म्हणाली, एवढं सगळं आठवत होतं, तर इतकी वर्षं तोंड का शिवून बसला होतास? मी एकटी वेडी होत होते तुझ्या शेजारी."

"आणि?" मी विचारलं.

"चित्र ठेवून घेतलं. मला परत पाठवलं."

नाबुकेरानं थर्मासमधला चहा कपात ओतला आणि त्याला दिला. तो स्टुलावर बसला, कप दोन्ही हातांत धरून सरोवराकडे बघत. पाण्यावरून चिलटांएवढ्या माश्यांचे थवे धुरासारखे उठत होते. कुणीतरी येऊन नाबुकेराला सायकलवाल्या चित्राचं विचारलं. ती उठली आणि हळू आवाजात, अडखळत, स्वतःच सांगायला लागली. लुटायानं चहा संपवला, कप गवतात ठेवला आणि आमच्यापैकी कुणाचाच निरोप न घेता धक्क्याकडे चालू लागला.